वेगवेगळ्या लशींचा बूस्टर डोस परस्पर घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या लशी आल्यापासून एक प्रश्न निरनिराळ्या रूपांत सतत कानावर येतो. पहिले दोन डोस एका लशीचे घेतले असतील, तर तिसरा किंवा चौथा डोस दुसऱ्याच लशीचा, आपला आपण ठरवून, घ्यावा का? यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. वेगवेगळ्या लशी एकापाठोपाठ एक घेणे शरीराला मानवते का, ही एक. आणि कोणती लस कधी, कोणत्या क्रमाने घ्यायची हे घेणाऱ्याने एकट्याने ठरवावे का, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी होकारार्थी आहे, तर दुसऱ्याचे स्पष्ट नकारार्थी. ही दोन उत्तरे एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे पुढील प्रश्नोत्तरांतून समजून घेता येईल.

लशी ‘मिक्स’ करणे म्हणजे नेमके काय?

एकाच सिरिंजमध्ये दोन लशी मिसळणे असा याचा अर्थ मुळीच नाही. तसे कोणीही, कधीही करू नये. एका तंत्रज्ञानाने बनवलेली लस आधी घेऊन काही काळाने वेगळ्या तंत्रज्ञानाने बनवलेली लस घेणे, याला मिश्र लसीकरण म्हणतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोविशील्डमध्ये चिंपांझींमध्ये आढळणारा एक निरुपद्रवी केलेला अॅडेनोव्हायरस असतो आणि तो करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाची, म्हणजे स्पाइक प्रोटीनची, जनुकीय माहिती पेशींपर्यंत वाहून नेतो. भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा पण निष्क्रिय केलेला करोना विषाणू असतो. त्या विषाणूचा मूळ नमुना पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा काढला होता. बायॉलॉजिकल ई कंपनीच्या कॉर्बेव्हॅक्समध्ये स्पाइक प्रोटीनचा पेशीला चिकटणारा तेवढाच भाग असतो. घटक वेगवेगळे असले तरी स्पाइक प्रोटीनची ओळख करून देणे हे काम या तिन्ही लशी करतात, आणि म्हणूनच पहिल्या लशीने तयार झालेली प्रतिकारशक्तीची स्मृती दुसऱ्या लशीने जागवता येते.

ही कल्पना कोविडच्या काळातच निघाली का?

नाही, ती त्याहून बरीच जुनी आहे. अमेरिकेत १९९७ ते २००० या काळात बालकांना पोलिओची आधी टोचायची आणि मग तोंडावाटे द्यायची लस, अशा क्रमाने डोस दिले जात. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लशीतील जिवंत विषाणूमुळे क्वचित प्रसंगी पक्षाघात होत असे, आणि आधी टोचलेल्या लशीने त्यापासून संरक्षण मिळत असे. आपल्याकडेही बाळांना पोलिओचे थेंब आणि पोलिओचे इंजेक्शन असे दोन्ही मिळते. २०२० मध्ये युरोपीय संघाने मंजूर केलेल्या इबोलाच्या एका लसीकरणात पहिला डोस एका विषाणूवर आधारलेला, तर आठ आठवड्यांनी दिला जाणारा दुसरा डोस अगदी वेगळ्या विषाणूवर आधारलेला असतो.

कोविडमधले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रशियाची स्पुटनिक व्ही. तिचे दोन्ही डोस एकाच नावाने ओळखले जात असले तरी पहिल्यात अॅडेनोव्हायरस २६ आणि दुसऱ्यात अॅडेनोव्हायरस ५ वापरलेला आहे. पहिल्या डोसनंतर शरीर स्पाइक प्रोटीनविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करते, तशीच ती वाहक विषाणूविरुद्धही तयार करते. तोच वाहक पुन्हा आला तर आपले काम करण्याआधीच तो अडवला जाण्याची शक्यता असते, म्हणून वाहक बदलण्याची ही योजना होती. म्हणजे ज्यांनी स्पुटनिक घेतली, त्यांनी एका अर्थाने मिश्र लसीकरणच करून घेतले होते. फरक इतकाच की त्या मिश्रणाचा क्रम आणि अंतर आधीच ठरवून, तपासून घेतलेले होते.

भारतात कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन मिसळून पाहिली गेली होती का?

होय, आणि त्याची सुरुवात एका चुकीतून झाली. मे २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात सुमारे २० जणांना पहिला डोस कोविशील्डचा दिलेला असताना दुसरा डोस चुकून कोव्हॅक्सिनचा दिला गेला. त्या वेळी देशाचे नियम स्पष्ट होते: पहिला डोस ज्या लशीचा, दुसराही त्याच लशीचा. गावकऱ्यांना चूक कळली तेव्हा ते साहजिकच घाबरले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्यांपैकी १८ जणांची तपासणी केली आणि त्यांची तुलना दोन्ही डोस कोविशील्डचे घेतलेल्या ४० आणि दोन्ही डोस कोव्हॅक्सिनचे घेतलेल्या ४० जणांशी केली. मिश्र डोस घेतलेल्यांना वेगळा किंवा गंभीर त्रास झाल्याचे आढळले नाही आणि त्यांची प्रतिकारशक्तीही चांगली दिसली.

ऑगस्ट २०२१ मध्ये हा निष्कर्ष बातम्यांत आला आणि ‘मिश्र डोस अधिक चांगला’ एवढाच त्याचा मथळा लोकांच्या मनात राहिला. वास्तविक १८ माणसांच्या अभ्यासातून फार तर दिलासा मिळतो. त्यावरून शिफारस करता येत नाही. लाखात एखाद्याला होणारा दुष्परिणाम १८ जणांत दिसणे जवळजवळ अशक्यच असते. शिवाय जे घडले ते आधी कोविशील्ड आणि मग कोव्हॅक्सिन या एकाच क्रमाबद्दल होते. रीतसर चाचणीसाठी औषध महानियंत्रकांनी त्याच महिन्यात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला परवानगी दिली. तिथल्या निष्कर्षांत क्रमाचे महत्त्व दिसून आले. आधी कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना कोविशील्डचा बूस्टर दिल्यावर अँटिबॉडीज लक्षणीय वाढल्या. आधी कोविशील्ड घेतलेल्यांना कोव्हॅक्सिनचा बूस्टर देऊन मात्र तसा जादा फायदा दिसला नाही. लशींची जोडी तीच होती, क्रम तेवढा उलटा होता. केंद्रावर जी लस उपलब्ध असेल ती टोचून घेणाऱ्याच्या वाट्याला यांपैकी कोणता क्रम येईल, हे केवळ योगायोगावर अवलंबून राहते.

परदेशांतील अभ्यासांतून काय दिसले?

ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या ‘कॉम-कोव्ह’ या अभ्यासात अॅस्ट्राझेनेका (म्हणजे आपली कोविशील्ड) आणि फायझर यांचे डोस उलटसुलट क्रमाने देऊन पाहिले गेले. आधी अॅस्ट्राझेनेका आणि मग फायझर घेतलेल्यांत, दोन्ही डोस अॅस्ट्राझेनेकाचे घेतलेल्यांपेक्षा अँटिबॉडीज कितीतरी अधिक आढळल्या. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की दुसऱ्या डोसनंतर ताप आल्यासारखे वाटण्याचे प्रमाण मिश्र गटात ३४ टक्के, तर दोन्ही डोस अॅस्ट्राझेनेकाचे घेतलेल्या गटात १० टक्के होते. हा त्रास एक-दोन दिवसांत ओसरणारा होता, त्यामुळे त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र घरात एकटी राहणारी वयस्क व्यक्ती असेल किंवा आधीच अशक्तपणा असेल, तर दोन दिवसांचा तापही किरकोळ राहत नाही, आणि हे आधी सांगणारे कोणी तरी असावे लागते.

‘कोव्ह-बूस्ट’ या दुसऱ्या ब्रिटिश अभ्यासात २,८७८ जणांना सात वेगवेगळ्या लशींपैकी एकीचा तिसरा डोस देण्यात आला. ज्यांचे पहिले दोन डोस अॅस्ट्राझेनेकाचे होते, त्यांच्यात सातही लशींनी अँटिबॉडीज वाढवल्या. ज्यांचे दोन डोस फायझरचे होते त्यांच्यात सहा लशींनी त्या वाढवल्या. व्हाल्नेव्हा या निष्क्रिय विषाणूच्या लशीने तसे केले नाही. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने व्हाल्नेव्हा ही कोव्हॅक्सिनच्या जवळची लस आहे, हे लक्षात घेतले तर वेल्लोरच्या निष्कर्षाशी या निष्कर्षाचे असलेले साम्य विचार करायला लावणारे आहे.

अशा अभ्यासांच्या आधारे काही देशांनी धोरणच बदलले. कॅनडाने जून २०२१ मध्ये अॅस्ट्राझेनेकानंतर फायझर किंवा मॉडर्ना घेण्यास मुभा दिली. जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी पहिला डोस अॅस्ट्राझेनेकाचा आणि दुसरा मॉडर्नाचा घेतला. अमेरिकेने ऑक्टोबर २०२१ मध्ये बूस्टरसाठी लस बदलण्यास मान्यता दिली.

मग इतका पुरावा असताना आपले आपण घ्यायला हरकत काय?

जुलै २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांना हाच प्रश्न विचारला गेला होता. नागरिकच दुसरा, तिसरा, चौथा डोस कधी आणि कोणी घ्यायचा हे ठरवू लागले तर देशादेशांत गोंधळ माजेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. अनेक ठिकाणी या उत्तराचा ‘मिश्र लशी धोकादायक’ असा विपर्यास झाला. त्यामुळे असा निर्णय व्यक्तींनी परस्पर घेऊ नये, सार्वजनिक आरोग्य यंत्रणा उपलब्ध माहितीच्या आधारे तो घेऊ शकतात, असा खुलासा त्यांना करावा लागला. त्यांचे म्हणणे तेव्हा योग्य होते आणि आजही योग्यच आहे.

वर सांगितलेला प्रत्येक अभ्यास ठरावीक वयाच्या, ठरावीक आजार नसलेल्या, ठरावीक अंतराने ठरावीक जोडी घेतलेल्या लोकांवर झालेला आहे. स्वतःहून डोस घेणारा माणूस त्या निष्कर्षातला ‘चालते’ हा एक शब्द उचलतो आणि त्याच्या भोवतीच्या अटी मागे सोडतो. यंत्रणा जेव्हा लस बदलायला सांगते तेव्हा तिने तीन गोष्टी मान्य केलेल्या असतात: कोणत्या जोडीला मान्यता आहे हे सांगणे, दिलेल्या डोसची नोंद ठेवणे आणि काही बिघडले तर त्याची दखल घेणे. परस्पर घेतलेल्या डोसच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींची जबाबदारी कोणावरच राहत नाही. दुसऱ्याच मोबाइल क्रमांकावरून किंवा दुसऱ्या ओळखपत्रावर नोंदणी करून तिसरा डोस घेणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर तो तिसरा डोस दिसतच नाही. तो पुन्हा ‘पहिला’ म्हणून नोंदला जातो. पुढे त्या व्यक्तीला छातीत दुखले, तर रुग्णालयातील डॉक्टरांपुढे लसीकरणाचा जो इतिहास येतो तो अपुरा असतो.

लशींचा तुटवडा असतानाच्या काळाबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. २०२१ मध्ये गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत कितीतरी लोक पहिल्या डोससाठी रांगेत उभे होते. तेव्हा ओळखीने मिळवलेला तिसरा डोस त्या रांगेतल्या कोणाच्या तरी वाट्याचा होता. हा मुद्दा वैद्यकीय नसला तरी तो गौण मानता येणार नाही.

दोन डोसमधले अंतर थोडे मागेपुढे झाले तर काय बिघडते?

लस घेतल्यानंतर अँटिबॉडीज बनवणाऱ्या पेशी काही आठवडे परिपक्व होत राहतात. ही प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच पुढचा डोस घेतला तर त्याचा परिणाम कमी होऊ शकतो आणि ताप, अंगदुखी मात्र पुरेपूर होते. कोविशील्डच्या दोन डोसमधले अंतर सुरुवातीला चार आठवडे होते, नंतर ते सहा ते आठ आणि मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे करण्यात आले. या बदलाला तुटवड्याची पार्श्वभूमी होती हे खरे आहे, पण अंतर वाढल्यावर परिणाम सुधारतो असे दाखवणारी माहितीही होती. जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रिकॉशन डोससाठी (बूस्टरला आपल्याकडे दिलेले सरकारी नाव) आधी नऊ महिन्यांचे अंतर होते, ते जुलै २०२२ मध्ये सहा महिन्यांवर आणले गेले. मध्यंतरी कोविड होऊन गेला असेल तर बरे झाल्यानंतर तीन महिने थांबायला सांगण्यात आले होते, कारण संसर्ग हाही प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने एका डोससारखाच असतो.

अँटिबॉडी चाचणीत आकडा कमी आला. दुसऱ्या लशीचा डोस घेऊन तो वाढवावा का?

केवळ त्या आकड्यावरून घेऊ नये. मुंबई-पुण्यातील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत ही चाचणी हौसेने केली गेली आणि शेजाऱ्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठा आहे म्हणून लोक अस्वस्थ झाले. अमुक आकड्याच्या वर संरक्षण आणि खाली धोका, अशी सर्वमान्य रेषा या रोगात ठरलेली नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे संच वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. काही संच विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीज मोजतात; कोविशील्ड घेतलेल्या आणि संसर्ग न झालेल्या माणसात त्या नसणारच, कारण त्या लशीत ते प्रथिन नाही. अशा माणसाला ‘निगेटिव्ह’ अहवाल मिळाला म्हणून त्याची लस वाया गेली असे होत नाही. शिवाय गंभीर आजारापासून वाचवण्यात स्मृतिपेशी आणि टी-पेशी यांचा मोठा वाटा असतो आणि नेहमीच्या अँटिबॉडी चाचणीत त्या मोजल्या जात नाहीत.

जितके जास्त आणि जितके वेगवेगळे डोस, तितके संरक्षण अधिक, असे नाही का?

नाही. जर्मनीतील माग्डेबुर्ग शहरातील एका ६२ वर्षांच्या माणसाने स्वतःहून, कोणत्याही चाचणीचा भाग नसताना, २९ महिन्यांत कोविडचे २१७ डोस घेतल्याचे सांगितले. त्यांपैकी १३४ डोसची अधिकृत खात्री झाली. त्यात आठ प्रकारच्या लशी होत्या. संशोधकांनी त्याचा अभ्यास करून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याला लशींशी संबंधित त्रास झालेला दिसला नाही आणि त्याची प्रतिकारयंत्रणाही थकलेली आढळली नाही. अँटिबॉडीज तीन डोस घेतलेल्या लोकांपेक्षा जास्त होत्या, तरीही लसीकरणाचा हा मार्ग आपण पुरस्कारत नाही, असे संशोधकांनी आवर्जून सांगितले. एका माणसाला त्रास झाला नाही यावरून तो इतरांनाही होणार नाही, असे म्हणता येत नाही.

नाकावाटे देण्याची लस आली तेव्हा, डिसेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गटाच्या कोविड कार्यगटाचे प्रमुख डॉ. एन. के. अरोरा यांनी प्रिकॉशन डोस घेतलेल्यांनी ती घेऊ नये असे सांगितले होते. तोच प्रतिजन, म्हणजे ज्याला ओळखून शरीर प्रतिकार करते तो घटक, वारंवार दिला की शरीर त्याला प्रतिसाद देणे थांबवते किंवा क्षीण प्रतिसाद देते, असे कारण त्यांनी दिले. कोविन प्रणालीत चौथ्या डोसची सोयही ठेवली गेली नव्हती. तरीही नाकात थेंब टाकायचे आहेत, सुई नाही, मग बिघडते काय, असा विचार करून चौकशी करणारे लोक होते. सुई नसली तरी ती लसच आहे, आणि तिच्यातही कोविशील्डसारखाच चिंपांझींमधला अॅडेनोव्हायरस वाहक म्हणून वापरलेला आहे.

भारतात मिश्र बूस्टरला रीतसर मान्यता मिळाली होती का?

मिळाली होती, आणि ती टप्प्याटप्प्याने मिळाली. कॉर्बेव्हॅक्सला औषध महानियंत्रकांनी जून २०२२ मध्ये आणि सरकारी कार्यक्रमात ऑगस्ट २०२२ मध्ये मान्यता मिळाली. आधी कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिनचे दोन डोस घेतलेल्या, १८ वर्षांवरील व्यक्तींना सहा महिन्यांनंतर ती घेता येत होती. तोपर्यंत देशात प्रिकॉशन डोस आधीच्याच लशीचा घ्यावा लागे. त्यानंतर भारत बायोटेकची नाकावाटे देण्याची इन्कोव्हॅक, सीरमची कोवोव्हॅक्स आणि जून २०२३ मध्ये पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची एमआरएनए तंत्रज्ञानावर आधारित, ओमिक्रॉनसाठी बनवलेली जेमकोव्हॅक-ओएम या लशींना बूस्टर म्हणून मान्यता मिळाली.

या यादीत कोविशील्डनंतर कोव्हॅक्सिन किंवा त्याच्या उलट, ही लोकांच्या मनात सर्वांत जास्त असलेली जोडी नाही. वेल्लोरचे निष्कर्ष हाती असूनही ती कार्यक्रमात आली नाही, याबद्दल मतभेद असू शकतात. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना कोविशील्डचा पर्याय वेळेत खुला करायला हवा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु धोरण उशिरा बदलते म्हणून प्रत्येकाने आपले वेगळे धोरण आखावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

सोसायटीतल्या शिबिरात किंवा ओळखीच्या माणसाकडून डोस घेतला तर?

२०२१ च्या मे-जूनमध्ये मुंबईत जे घडले ते या संदर्भात आठवावे. कांदिवलीतील एका गृहनिर्माण संस्थेत खासगी रुग्णालयाच्या नावाने लसीकरण शिबिर झाले आणि सुमारे ३९० रहिवाशांनी पैसे भरून डोस घेतले. नंतर रहिवाशांच्या लक्षात आले की कोणालाच ताप आला नाही, कोणाचा दंडही दुखला नाही. प्रमाणपत्रे आली तीही वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची. चौकशीत अशी अनेक बनावट शिबिरे उघड झाली आणि दोन हजारांहून अधिक लोक फसवले गेल्याचे राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले. त्या कुप्यांत लस नव्हतीच, असे तपासातून समोर आले.

खरी लस असली तरी ती दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेली असावी लागते. दहा डोसची कोविशील्डची कुपी उघडली की ती चार तासांत संपवावी, असा आपल्याकडे नियम होता. कोणाच्या तरी पिशवीतून आलेल्या कुपीबद्दल यातले काहीही तपासता येत नाही. डोस घेण्यापूर्वी कुपीवरील नाव, बॅच क्रमांक आणि मुदत पाहण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, आणि तो मागताना संकोच वाटू देऊ नये.

परदेशी जाण्यासाठी दुसऱ्या लशीचा डोस घेणे भाग पडले तर?

२०२१ मध्ये ही अडचण अगदी खरी होती. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेच्या आपत्कालीन वापराच्या यादीत ३ नोव्हेंबर २०२१ रोजी स्थान मिळाले. कोविशील्डला ते फेब्रुवारीतच मिळाले होते. मधल्या महिन्यांत कोव्हॅक्सिन घेतलेले विद्यार्थी आणि आखातात नोकरी करणारे लोक कात्रीत सापडले. केरळमधील एका व्यक्तीने सौदी अरेबियातील नोकरीवर परतता यावे म्हणून कोविशील्डचा तिसरा डोस मिळावा, अशी मागणी करत उच्च न्यायालयात धाव घेतली. अशा डोसची तरतूद नसल्याची भूमिका केंद्राने तेव्हा घेतली होती. पोटापाण्यासाठी असा निर्णय घेणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तरीही ज्यांनी तो लपून घेतला त्यांच्यापेक्षा उघडपणे मागणी करणाऱ्याचा मार्ग अधिक योग्य होता.

आज ही अडचण राहिलेली नाही. एखाद्या विद्यापीठाने किंवा नोकरी देणाऱ्याने विशिष्ट लशीची अट घातली असेल, तर ती लेखी मागून घ्यावी आणि ती दाखवूनच डॉक्टरांशी बोलावे. तिथे पोहोचल्यावर त्या देशाच्या कार्यक्रमातून लस घेणे शक्य असेल तर तोच मार्ग सोपा असतो.

मधुमेह, कर्करोग किंवा गरोदरपण असेल तर?

मधुमेह आणि रक्तदाब या कारणांसाठी लस टाळायची नसते. उलट अशा व्यक्तींना ती अधिक उपयोगी पडते. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे त्यांचा प्रश्न नाजूक असतो. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी घेणारे, मोठ्या मात्रेत स्टेरॉइड किंवा रिटक्सिमॅबसारखे औषध घेणारे रुग्ण यांच्यात लशीला मिळणारा प्रतिसाद मुळातच कमी असतो, आणि डोस औषधाच्या कोणत्या टप्प्यावर दिला यावर तो बराच अवलंबून असतो. त्यांना जादा डोस लागू शकतो, पण तो कधी द्यायचा हे उपचार करणाऱ्या तज्ज्ञानेच ठरवायचे असते. गरोदर स्त्रियांनीही प्रसूतितज्ज्ञांच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा.

पूर्वीच्या डोसनंतर अंगावर गांधी उठून श्वास लागला असेल, किंवा रक्ताच्या गुठळ्या आणि प्लेटलेट कमी होणे असे निदान झाले असेल, तर लस बदलण्याचा विचार वैद्यकीय कारणाने करावा लागतो. लस बदलणे ही इथे गरजच असते, आणि म्हणूनच ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुरी व्हायला हवी.

इतर रोगांच्या लशींनाही हेच लागू होते का?

प्रत्येक लशीचे उत्तर वेगळे आहे. हिपॅटायटिस बीच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या लशी सहसा एकमेकींच्या जागी चालतात. कुत्रा चावल्यावर रेबीजची लस सुरू केली आणि पुढच्या डोसला तीच लस मिळाली नाही, तर दुसऱ्या मान्यताप्राप्त लशीने डोस पूर्ण करावेत. लस जुळत नाही म्हणून रेबीजचा डोस चुकवणे जिवावर बेतू शकते. याउलट मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिन्गोकॉकल बी या जंतूच्या दोन लशी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. न्यूमोनियाच्या बाबतीत ज्येष्ठांना संयुग्मित लस (जंतूच्या आवरणाचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेली) आधी आणि जंतूच्या तेवीस प्रकारांविरुद्धची लस त्यानंतर, साधारण वर्षभराने देण्याची पद्धत आहे. इथेही क्रम महत्त्वाचा असतो. त्यामुळे ‘कोविडला चालले म्हणजे सगळीकडे चालेल’ असे समजू नये.

आता, इतक्या वर्षांनी, बूस्टर घ्यायचाच असेल तर काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. निरोगी तरुणांना वारंवार बूस्टर देण्यावर आता तिचा भर नाही. वयोवृद्ध, प्रतिकारशक्ती कमी असलेले, गरोदर स्त्रिया आणि आरोग्य कर्मचारी यांच्याकडे तिचे लक्ष अधिक आहे. यांपैकी कोणत्याही गटात आपण असाल, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जुनी प्रमाणपत्रे घेऊन जा. शेवटचा डोस कधी झाला, कोविड शेवटचा कधी झाला आणि कोणती औषधे चालू आहेत, हे सांगा. बाजारात जी लस आहे ती सध्याच्या विषाणूप्रकारावर बेतलेली आहे का, हेही विचारा. मूळ विषाणूवर बेतलेली जुनी लस केवळ ‘वेगळी’ आहे म्हणून घेण्यात फारसा अर्थ नाही.

मी आधीच परस्पर मिश्र डोस घेतला आहे. आता काय?

तो काही महिन्यांपूर्वी किंवा वर्षांपूर्वी घेतला असेल आणि त्रास नसेल, तर काळजी करण्याचे कारण नाही. ‘शुद्ध’ डोस पुन्हा पूर्ण करण्यासाठी आणखी लस घेऊ नये. लशीचे नाव, तारीख आणि ठिकाण एका कागदावर लिहून आपल्या वैद्यकीय कागदपत्रांत ठेवावे आणि डॉक्टरांना न लाजता सांगावे. रागावतील या भीतीने लपवलेली माहितीच पुढे अडचणीची ठरते.

डोस नुकताच घेतला असेल तर ताप आणि अंगदुखीसाठी विश्रांती, पाणी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास पॅरासिटामॉल पुरते. पुढील काही दिवसांत छातीत दुखणे, धाप लागणे किंवा हृदयाची धडधड वाढणे, किंवा साधारण महिनाभराच्या आत न थांबणारी तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे, पोटात सतत दुखणे, पायाला सूज येणे, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटणे यांपैकी काहीही झाले, तर लगेच रुग्णालयात जावे. तिथे पोहोचताच सर्वांत आधी घेतलेल्या सर्व डोसची माहिती, नोंद नसलेल्या डोससह, द्यावी. आणि लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना म्हणून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागात तिची नोंद करून घ्यावी.